सलग महिन्याचा पास

जावई असला म्हणून काय झालं, माणसाला रीतभात असावी की नको? सासू विमानात अवघडून आलेली, लेक गेल्यावर तिच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकतेय, आणि हा बाबा तिच्यासमोर पाण्याचा पेला धरायच्या आधी टेबलावर चार रंगीत कागद मांडतो. वर विचारतो, "मामी, यातला कुठला पास घ्यायचा?"

मी अजून डोक्यावरचा पदरसुद्धा सारखा केला नव्हता.

"कसला पास?"

"रेल्वेचा. बाहेरदेशच्या पाहुण्यांना इथं खास पास मिळतो. एकदा घेतला की कुठल्याही गाडीत बसायचं, कुठंही उतरायचं. तळ्यातल्या बोटीसुद्धा चालतात त्यावर."

"मी गाडीत बसायला आलीया व्हय, पाव्हणं?"

"आलाच आहात तर देश बघून घ्या की."

चौदा वर्षं झाली या गोष्टीला. पण 'आलाच आहात तर' हे तीन शब्द त्यानं ज्या तोंडानं काढले, ते तोंड मला अजून दिसतं. दाढी वाढलेली, डोळे तांबडे, आणि एका जागी पाय ठरत नाही. बोलता बोलता खिडकीपर्यंत जायचा, परत यायचा. देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्याला तरी मध्ये देव असतो.

आम्ही विट्याचे. आमच्या मालकांचं तमिळनाडूत सेलमला गलाईचं दुकान, म्हणजे सोनाराकडचं जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचं. तीन पोरगे त्याच धंद्यात. पोरगी एकच, वैजयंता. शिकली, इंजिनियर नवऱ्याला दिली आणि त्याच्याबरोबर स्वित्झर्लंडला ओल्टन नावाच्या गावी गेली. तिथं आजारी पडली आणि तिथंच गेली. वर्षश्राद्धाला तीन महिने होते. मागं राहिला हणमंत, माझा जावई, आणि त्यांची आठ वर्षांची केतकी.

मी तिथं कशाला गेले होते ते उघड सांगते. पोरीला आणायला. मालक आणि तिन्ही पोरगे बसून ठरलं होतं, की बाप एकटा, परका मुलूख, पोरीची आबाळ होणार, तेव्हा तिला आजोळी वाढवायची. थोरल्या विलासनं मला जाताना एक तिकीट काढलं आणि येताना दोन. हणमंताला अजून कोणी बोललं नव्हतं. ते काम माझ्यावर होतं. चाळीस दिवस लेकीच्या घरात राहायचं, पोरीला लळा लावायचा, आणि जायच्या आठवड्यात विषय काढायचा, असा माझा हिशोब. आणि हा मला दारातच गाडीत घालायला निघाला.

"बरं, सांगा," मी खुर्ची ओढून बसले. "हे निळं काय हाय?"

"हा चार दिवसांचा. हिरवा पंधरा दिवसांचा, सलग. लाल सलग महिनाभराचा."

"आन् हे पिवळं?"

त्यानं पिवळा कागद बाकीच्यांखाली सरकवला होता. मी ओढून काढला.

"तो काही उपयोगाचा नाही. त्यात महिनाभरात कुठलेही सहा दिवस मिळतात. तुम्ही निवडाल ते."

"म्हंजे सहा दिवस गाडीत आन् बाकीचं घरात?"

"हो, पण सहा दिवसांत काय बघून होणार, मामी?"

"मला बघायचं ती समोर उभी हाय."

केतकी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आईसारखंच उंच कपाळ, मनगटात बापाचं मोठं घड्याळ, कोपरापर्यंत घसरणारं. मी हात पुढं केला तर आली, पण मांडीवर बसली नाही. बाजूला उभी राहून तिनंच लाल कागद सरळ केला.

"आजी, लाल घे ना. लालवर लांबच्या गाड्या रोज घेता येतात."

"बघा!" हणमंत म्हणाला. "तिलाही फिरायला आवडतं."

मी मनात म्हटलं, पढवून ठेवलीय पोरीला.

"तुमच्याकडं कुठला पास हाय?" मी त्याला विचारलं.

"आम्ही इथले रहिवासी, आम्हाला हा पाहुण्यांचा मिळत नाही. माझ्याकडे वर्षभराचा आहे. केतकीला माझ्याबरोबर फुकट."

"वर्षभराचा? कामाला लांब जावं लागतं व्हय?"

"नाही. ऑफिस इथंच आहे. चालत दहा मिनिटं."

एवढं बोलून तो पाणी आणायला गेला. तेव्हा कुठं त्याला पाणी सुचलं.

मी पिवळ्या कागदावर बोट ठेवलं आणि सांगितलं, "हे. सहा दिवसांचं. मी तीस वर्षं मिरज ते सेलम केलंय, मांडीवर पोर आन् पायाशी पिठाचा डबा घिऊन. मला गाडीचं कौतुक न्हाई."

"बरं," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सकाळी तो म्हणाला, "शनिवारी निघू. पास आज काढून ठेवू."

"शनिवारी आवस हाय. मी उंबरा ओलांडणार न्हाई."

"मामी, इथं कुठली अमावस्या?"

"चंद्र इथं दुसरा हाय का?"

तो बूट घालत होता, तसाच थांबला. गावाकडचाच पोरगा तो, खानापूर तालुक्यातला, रीत त्याला माहीत. म्हणाला, "मग आज प्रस्थान ठेवा. शुक्रवार चांगला आहे."

आमच्यात लांबच्या प्रवासाला चांगला दिवस सापडला आणि त्या दिवशी निघता आलं नाही, तर तांदूळ, हळकुंड, सुपारी फडक्यात बांधून गाठोडं शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. तेच प्रस्थान. माणूस घरात असला तरी निघाला असं धरतात, मग पाच दिवसांत कधीही निघावं, दिवस बघावा लागत नाही.

"ठेवू की," मी म्हटलं. "कुणाकडं ठेवू? तुमच्या त्या कुत्रं घिऊन फिरणाऱ्या म्हातारीकडं? तिला सुपारी म्हंजे काय ते सांगत बसा."

"गाठोडं कशाला? स्टेशनवर पासावर आजचा शिक्का मारून घेऊ. पास सुरू झाला म्हणजे तुम्ही निघालात. हेच प्रस्थान."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, जावयाला रीत आठवली याचं बरंही वाटलं.

स्टेशनवर काचेमागं एक लठ्ठ बाई बसली होती. हणमंत तिच्याशी त्यांच्या भाषेत बोलला. ते काय बोलले ते मला समजायचं कारण नव्हतं. बाईनं माझा पासपोर्ट बघितला, कागदावर शिक्का मारला आणि माझ्याकडं बघून हसली. मीही हसले. मग तो पास हातात घेतला आणि बघितला.

शाळा माझी चौथीपर्यंत. पण तारखा वाचायला मला कोणाची गरज नाही. पासावर दोन तारखा होत्या. एक आजची. दुसरी बरोबर पुढच्या महिन्याची. त्यांच्यामध्ये, पिवळ्या कागदावरच्या चित्रात होते तसे, दिवस भरायला सहा मोकळे चौकोन असायला हवे होते, ते नव्हते.

सलग महिना. मी पिवळ्यावर बोट ठेवलं होतं आणि यानं लाल घेतला होता.

काचेसमोर मी तमाशा केला नाही. परक्या बाईसमोर जावयाचं तोंड उतरवणं आमच्या घराण्यात नाही. पास पदराला पुसून पिशवीत टाकला आणि मनात म्हटलं, थांब. प्रस्थान ठेवलंयस ना, आता प्रस्थानच बघ.

शनिवारी अमावस्या गेली. रविवारी सकाळी सातला तो बूट घालून, पाठीला पिशवी लावून उभा.

"चला मामी."

मी बटाटे सोलत होते.

"कुठं?"

"लुगानोला. पास शुक्रवारपासून चालू आहे. तीन दिवस झाले त्याचे."

"प्रस्थान ठेवलंय न्हवं? प्रस्थानाला पाच दिवस असत्यात. मंगळवारपर्यंत निघालं तरी चालतंय."

"पण पासाचे दिवस फुकट जातायत!"

"सहाचा घेतला असता तर एकबी गेला नसता."

मला कळलंय हे त्याला कळलं. तरी बूट काढले नाहीत. बुटांसकट दिवसभर घरात फिरत राहिला.

मी मात्र ते तीन दिवस हातचे सोडले नाहीत. घर नीट बघितलं. बोळात दोन पिशव्या कायम भरलेल्या. फ्रीजमध्ये दूध, पाव आणि एक लोणच्याची बाटली, तीही मीच दोन वर्षांपूर्वी पाठवलेली. सोफ्यावर एक पांघरूण, घडी न मोडलेलं. विजेची शेगडी पेटवली तर केतकी धावत आली.

"आजी, ही चालू होते?"

"मग तुम्ही खाता काय गं?"

"गाडीत मिळतं. सँडविच. कधी कधी स्टेशनवर गरम बटाटे."

"रोज?"

"रोज नाही. शाळा असली की डबा. पण शुक्रवारी शाळा सुटली की आम्ही गाडीतच असतो. रविवारी येतो. आता सुट्टी आहे, म्हणून मधेही जातो."

मी ज्वारीचं पीठ नेलं होतं. भाकरी थापली. पोरगी उभ्या उभ्याच खायला लागली, एक पाय दाराकडं. "बस की गं, बाळा," म्हटलं तर म्हणाली, "बसून खाल्लं तर वेळ लागतो."

बाप तशी पोर. एका घरात दोन माणसं, आणि दोघांनाही घर टोचतंय. मी त्याच दुपारी ठरवून टाकलं. चाळीस दिवस कशाला, आठवड्यातच विषय काढायचा. तिचे फ्रॉक, स्वेटर, रंगाची पेटी काढून माझ्या रिकाम्या बॅगेत भरायला सुरुवात केली.

सोमवारी मी आतली खोली उघडली. ती बंद असायची. किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवलेली मला दिसली होती. आत वैजूचं सगळं तसंच होतं. कपाटात साड्या, खिडकीत वाळून गेलेली तुळस, पलंगावर दवाखान्यातून आणलेली पिशवी, तिची गाठसुद्धा कोणी सोडली नव्हती. मी पलंगावर बसले. माझी लेक गेली तेव्हा मी साडेचार हजार मैलांवर होते. आणि हा तिच्या उशाशी होता. उशाशी असून खुर्चीत झोपला होता. हे त्यानंच फोनवर विलासला सांगितलं होतं, रडत रडत. आमच्या घरात तेव्हापासून त्याचं नाव निघालं की कोणीतरी हळूच म्हणायचं, "झोपला होता तो." मीही म्हटलंय. लपवत नाही.

दारात चाहूल लागली. हणमंत उभा होता. आत आला नाही. उंबऱ्याच्या अलीकडंच.

"मामी, ते... ते राहू द्या ना तसंच."

"किती दिवस ठेवणार? ह्या साड्यांना वास लागलाय. उन्हात टाकायला पायजेत."

"उद्या निघू या आपण. प्लीज. उद्या पाचवा दिवस आहे. प्रस्थान संपतंय."

माझी तब्येत बिघडली म्हणून सांगितलं असतं तरी तो बिचारा गाडीची वेळ सांगत बसला असता, असं मला वाटलं. पण रीत म्हणजे रीत. पाच दिवस मीच सांगितले होते.

"बरं," मी म्हटलं. "उद्या निघू. पण गाडीत मला तुमच्याशी बोलायचंय. पोरीबद्दल."

त्यानं मान हलवली. बोळातल्या माझ्या बॅगेकडं त्याची नजर गेली. तिच्या तोंडातून केतकीच्या स्वेटरची बाही बाहेर लोंबत होती.

मंगळवारी सकाळी आम्ही गाडीत बसलो. स्वच्छ गाडी, मऊ गाद्या, समोरासमोर चार जागा, मध्ये फळकूट. हणमंत खिडकीशी, त्याच्या शेजारी केतकी, समोर मी. मी मनात वाक्यं जुळवत होते. 'पाव्हणं, वाईट वाटून घेऊ नका' इथून सुरू करायचं की सरळ मुद्द्यावर यायचं? गाडी हलली. नदीवरचा पूल आला. मी घसा साफ केला.

"पाव्हणं..."

तो झोपला होता.

नुसता डोळा लागलेला नव्हता. तोंड उघडं, मान काचेवर पडलेली, दोन्ही हात उताणे. पाच दिवस घरात ज्याला मी खुर्चीत टेकलेला बघितला नव्हता, तो पूल संपायच्या आत मेल्यागत झोपला. मला राग असा आला! मी बोलायचंय म्हणून सांगितलेलं, आणि हा घोरतोय. झोपणाराच तो, मी मनात म्हटलं. त्याला दुसरं येतंय काय.

"उठीव गं बापाला," मी केतकीला म्हटलं.

"नको आजी." तिनं ओठावर बोट ठेवलं. "आत्ता नको. पहिले दोन तास उठवायचं नाही."

"का?"

"मग परत झोप लागत नाही त्यांना."

तिकीट तपासनीस आला. केतकीनं बापाच्या खिशातून अलगद कार्ड काढलं, माझा पास माझ्या पिशवीतून घेतला, दोन्ही दाखवलं आणि हळू आवाजात त्याच्याशी काहीतरी बोलली. तो माणूस तिला ओळखत होता. त्यानं टोपीला हात लावला आणि पाय न वाजवता पुढं गेला.

"ये, तू बी ये," मी म्हटलं. "इकडं माझ्याजवळ. मांडीवर डोकं ठेव. डोळं बघ कसं झाल्यात तुझं."

"नको. मी जागी राहते."

"कशाला? मी हाय की जागी."

"तुला स्टेशनं येत नाहीत."

तिनं मनगटावरचं घड्याळ वर सरकवलं, वेळ बघितली, आणि बोटांवर मोजून मला सांगायला लागली. लुत्सर्न इतक्या वाजता. मग आर्ट-गोल्डाऊ. मग मोठा बोगदा. मग बेलिंझोना. मग लुगानो. लुगानोला उतरायचं, परतीची गाडी चाळीस मिनिटांनी.

"आन् लुगानोत काय बघायचं?"

"काही नाही. बाकावर बसतो. जाऊन येऊन सहा तास होतात ना, म्हणून लुगानो. जिनिव्हाला गेलं की कमी होतात, आणि मधे गर्दी चढते. ते जागे होतात."

मी पुढं वाकून विचारलं,

"बाबा घरी झोपत न्हाईत?"

"नाही. घरी झोपायला गेले की उठून बसतात. गाडीत झोप लागते. आधी आम्हाला माहीत नव्हतं. आईनंतर एकदा आम्ही असंच कुठंतरी चाललो होतो, आणि झोप लागली त्यांना. मग मी म्हटलं, बाबा, आपण रोज गाडीत बसू."

"तू म्हटलंस?"

"हो. मग त्यांनी वर्षाचा पास काढला."

"आन् तू कधी झोपतीस?"

"मी शाळेत. मधल्या सुट्टीत. बाई रागावत नाहीत, त्यांना माहीत आहे आई नाही ते." तिनं परत घड्याळ बघितलं. "एकदा मी पण झोपले होते गाडीत. मग आम्ही शेवटच्या स्टेशनला गेलो, किआसोला. तिथून पुढं इटली. गाडीतले दिवे बंद केले होते. एका काकांनी उठवलं. बाबा खूप घाबरले. म्हणाले, मला कळलंच नाही, मला परत कळलंच नाही. खूप वेळ तेच म्हणत होते. म्हणून आता मी झोपत नाही."

गाडी डोंगर चढत होती. खिडकीतून वर एक पांढरं देऊळ दिसलं, टोकदार शिखराचं. केतकी म्हणाली, "आजी, हे लक्षात ठेव. हे तीनदा दिसतं." गाडी बोगद्यात शिरली, वळत वळत बाहेर आली, आणि तेच देऊळ समोर होतं. परत बोगदा, परत वळसा, आता देऊळ वरून दिसलं. इतकी गाडी पळली आणि आम्ही त्याच देवळाभोवती.

तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. लाल पास मला घराबाहेर काढायला नव्हताच. सासू चाळीस दिवस येणार, घरात बसणार, म्हणजे यांच्या गाड्या बंद. चाळीस दिवस या माणसाला झोप नाही. म्हणून सासूलाच गाडीत घालायची. पोरगीही त्यासाठीच म्हणाली होती, आजी लाल घे. आणि मी पाच दिवस प्रस्थान मांडून बसले. पाच दिवस हा माणूस बुटांसकट उभा होता, आणि मी बटाटे सोलत त्याची जिरवत होते.

मोठा बोगदा संपला तसं एकदम ऊन आलं. हणमंतानं डोळे उघडले. आधी केतकीकडं बघितलं, मग बाहेर, मग माझ्याकडं. चटकन सरळ बसला.

"सॉरी मामी. तुम्हाला बोलायचं होतं."

"बोला तुम्हीच आधी. मला सगळं सांगितलं हिनं."

त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "केतू, बाटली भरून आण जरा." ती घड्याळ बघून गेली, "बेलिंझोनाला बारा मिनिटं आहेत" असं बजावून.

"अकरा रात्री जागलो मी," तो म्हणाला. खिडकीकडं बघूनच. "बाराव्या दिवशी नर्स म्हणाली, जरा टेका, त्या शांत आहेत. वैजूचा हात माझ्या हातात होता. टेकलो. उठलो तेव्हा हात हातातच होता, मामी. गार होता. किती वेळ झाला होता ते कोणालाच माहीत नाही. आता आडवा झालो की वाटतं, झोपलो तर उठेपर्यंत काहीतरी होऊन जाईल. गाडीत तसं वाटत नाही. गाडी चालू असते. म्हणजे काही थांबलेलं नसतं."

मला माझाच आवाज ऐकू येत होता. 'झोपला होता तो.' किती वेळा, किती जणांसमोर.

"तुम्ही तिची बॅग भरताय ते मी बघितलं," तो पुढं म्हणाला. "तुम्ही कशासाठी आलात तेही मला न सांगता कळलं होतं. वाटलं होतं महिनाभर फिरवू, तेवढ्यात मी ठीक होईन, मग तुम्ही नेणार नाही. नाही झालो. न्या तिला. माझ्याच्यानं होत नाही. तिथं निदान झोपेल तरी ती."

त्यानं हे म्हणावं म्हणून तर मी समुद्रापार आले होते. दोन तिकिटं पिशवीत होती. विलास विमानतळावर गाडी घेऊन येणार होता. आजोळच्या माळवदावर पोरगी मामेभावंडांत झोपली असती, तेही खोटं नव्हतं.

केतकी बाटली घेऊन आली. बापाच्या बुटाची नाडी सुटली होती, ती खाली वाकून बांधायला लागली. बोटं चालत होती आणि डोळे मिटत होते. बापाला डोळ्यात तेल घालून सांभाळणारी ती पोर उचलून मी विट्याला नेली असती, तर तिथंही ती दारात उभी राहून घड्याळच बघत बसली असती, की बाबा कुठं उतरले असतील.

मी तिला उचलली. आठ वर्षांची, पण वजन काही नाही. मांडीवर आडवी घेतली, मनगटातलं घड्याळ काढलं आणि हणमंताच्या हातात दिलं. ती जरा धडपडली, "आजी, बेलिंझोना..." म्हणाली, आणि पदर तोंडावर ओढला तशी गप्प झाली.

हणमंत माझ्याकडं बघत होता. कोर्टात उभ्या असलेल्या माणसासारखा. मग मीही निकाल देऊन टाकला, डब्यातली माणसं वळून बघतील एवढ्या आवाजात.

"पाव्हणं, मी पोरीला न्यायला आलते, न्हेत न्हाई. माझी लेक गेली तवा तुमचा डोळा लागला, तो गुन्हा न्हवता. आमी म्हटलं तसं, आमचं तोंड जळू दे. पर आठ वर्साच्या पोरीला राखणीला बसवलं, हा गुन्हा हाय, आन् तो तुमचा हाय. आता म्होरल्या ठेसनावर उतरायचं आन् घरी जायाचं. वैजूच्या खोलीत, वैजूच्या पलंगावर दोघांनी पाय पसरून झोपायचं. काय हुतंय ते हू दे. जागायला मी हाय."